बहिणीच्या वाडीतली तीन इंची लाइन

मंचरच्या हायवेला पंपांची जी दुकानं आहेत, त्यांच्या पुढ्यात दादाभाऊ फिटर येऊन उभा राहिला की दुकानदार गिऱ्हाइकाला घाईनं आत न्यायचा. कारण ठरलेलं. गिऱ्हाईक म्हणायचं, "तीन इंची पाइप द्या." आणि दादाभाऊ बाहेरूनच तोंड घालायचा, "किती लांब न्यायचाय? चढ किती? मोटार किती हॉर्सची?" मग गिऱ्हाईक बावचळायचं, घरी फोन लावायचं, आणि उद्या येतो म्हणून निघून जायचं. दुकानदार म्हणायचे, हाताला असा माणूस तालुक्यात नाही, पण तोंडाला कुलूप असतं तर सोन्याचा म्हटला असता.

सगळ्यात जुनं भांडण त्याचं एकच. पंपाचं तोंड जेवढं, तेवढाच पाइप घालायचा, हा आपल्याकडचा कायदा. कुणी केला माहीत नाही, पण मोडायची कुणाची छाती होत नाही.

"पंपाला तीन इंची तोंड दिलंय, मग नळी तीन इंचीच बसणार ना, फिटर? कंपनीला कळत न्हाई व्हय?"

"तुमचं तोंड केवढं हाय, तात्या?"

"का?"

"आन् पोट केवढं? तोंडाएवढंच ठिवलं असतं देवानं, तर एका भाकरीत मेला असता."

लोक हसायचे, तात्या चिडायचा, आणि शेवटी चार इंची पाइप घेऊन जायचा. पुढं दोन-तीन वर्षांनी बाजारात भेटला की चहा पाजायचा. दादाभाऊची सगळी कमाई म्हणजे असले चहा.

हे सगळं त्याला शिकवलं ते भिमाजीनं. भिमाजी तळेघरकडचा डोंगरातला माणूस. चाकणला कारखान्यात पंपांवर काम करून म्हातारपणी परत आलेला, आणि दादाभाऊ वीस-बावीस वर्षांचा असताना त्याच्या हाताखाली लागला. भिमाजीला शाळा नव्हती. पण लहानपणापासून भाताच्या खाचरातून खाचरात पाणी सोडलेलं. वरच्या खाचराचा बांध किती रुंद फोडला तर पाणी खाली निवांत उतरतं आणि किती अरुंद फोडला तर माती, रोप सगळं घेऊन पळतं, हे त्याच्या पायांना ठाऊक. पुढं कारखान्यात इंजिनियर लोकांनी कागदावर जे आकडे मांडले, ते त्याला नवे वाटलेच नाहीत.

"पाण्याला चाल द्यायची, धाव न्हाई द्यायची," तो सांगायचा. "विहिरीतून पंपापर्यंतची जी नळी, तिच्यात पाणी कसं चाललं पायजे? डोईवर भरली पाटी घेतलेली बाई चालती तसं. सावकाश. सेकंदाला तीन-चार फूट. पंप काय पाणी वढत न्हाई गड्या, त्यो नुसती जागा रिकामी करतो, आन् बाहेरची हवा पाणी आत ढकलती. तिचा जोर केवढा? बेताचाच. नळी बारीक केली की पाणी पळाया बघतं, जोर पुरत न्हाई, आन् पंपाच्या पोटात बुडबुडं फुटत्यात. मंग खडी चघळल्यासारखा वाजतो त्यो. वर्षात पंखा खाऊन टाकतो."

"आन् पंपाच्या म्होरं?"

"म्होरं जरा उचलून चाललं तरी चालतं. बाजाराला निघालेला गडी. सेकंदाला पाच-सहा फूट. पण वाट किती लांब हे बघून. शंभर पावलं कुणीबी पळंल. घाट चढून पळ म्हणावं."

दादाभाऊनं हे नुसतं पाठ केलं नाही, त्याचे पाढे केले. दर शंभर फूट पाइपात पाण्याचा किती फूट जोर खर्ची पडतो, ते त्याच्या जिभेवर असायचं. सेकंदाला दहा लिटर पाणी न्यायचं तर चार इंचीत शंभर फुटाला दीड फूट. तेच पाणी तीन इंचीत घातलं तर पाच फूट. एका इंचाचा फरक, आणि खाणं तिपटीच्या वर. हे ऐकून लोकांना वाटायचं फिटर फेकतोय.

तर असा हा माणूस आयुष्यात एका ठिकाणी गप्प बसला. नको तिथं.

भागू त्याची पाठची बहीण, आठ वर्षांनी धाकटी. आजीचं नाव ठेवलेलं, म्हणून शाळेत पोरी चिडवायच्या. तिला दिली होती आण्याच्या पठाराच्या कडेला एका वाडीत. घर खातंपितं, माणसं जुनी जमीनवाली. नवरा रामदास, देवभोळा आणि भावाच्या शब्दाबाहेर न जाणारा. भाऊ म्हणजे थोरला सयाजी, सगळ्यांचा आण्णा. कधी आवाज न चढवणारा, पायात कायम पांढरी चप्पल आणि तोंडात 'पावणं'.

लग्नानंतर पहिल्यांदा बहिणीला आणायला निघाला, तेव्हा आई धोंडाबाईनं दादाभाऊला दारात अडवून सांगितलं होतं, "लेकीच्या दारात गेलं की चप्पल आन् जीभ, दोनी भाईर काढून ठिवायची. आपुन मुलीकडची माणसं. तू बोलून येशील, आन् भोगावं तिला लागंल."

त्यानं ते पाळलं. मंचरात कुणालाही न सोडणारा दादाभाऊ त्या वाडीत गेला की सतरंजीच्या टोकाला बसायचा आणि भाजी अळणी असली तरी दुसऱ्यांदा मागून घ्यायचा.

वाटणी झाली तेव्हा रामदासच्या वाट्याला माथ्याची पट्टी आली. तीन एकर, पठाराच्या अगदी ओठावर. मुरूम आणि वारा. खालची काळी रानं सयाजीला आणि दोन चुलतभावांना. रामदास काही बोलला नाही. भागूनं मात्र पट्टी बघून आल्यावर भावाला फोन केला. "दादा, मुरमाड हाय, पण डाळिंबाला मुरूमच लागतो म्हणं. नुसतं पाणी पायजे."

पाणी खाली होतं. पाझर तलावाच्या खाली विहीर, ती चौघांच्या सामाईकीत. चौघांनी मिळून पंप बसवायचा आणि लाइन माथ्यापर्यंत न्यायची, वाटेत प्रत्येकाच्या रानात एक कॉक, वीज दिवसाची आठ तास, प्रत्येकाला दोन तासांची पाळी, असं ठरलं. फिटर घरचाच. भागूनं पाइप येण्याआधीच पट्टीत खड्डे घ्यायला सुरुवात केली. नवराबायकोनं मिळून चारशे खड्डे घेतले. पहार लागून तिच्या हाताची सालं गेली होती, ती तिनं दादाभाऊला कौतुकानं दाखवली.

मोजमापाला दादाभाऊ आला तेव्हा सयाजी दिवसभर त्याच्या बरोबर फिरला. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी धरत दोघं विहिरीपासून माथ्यापर्यंत चढले. लांबी भरली छत्तीसशे फूट, चढ एकशे नव्वद. माथ्यावर एका खडकावर टेकले, तेव्हा सयाजीनं विचारलं, "पावणं, आमाला जरा समजून सांगा. चार इंचीच का म्हणता?"

दादाभाऊनं खिशातला खडू काढला. खडकावर आकडे मांडले. "छत्तीसशे फूट म्हंजे छत्तीस शेकडे. चार इंचीत छत्तीस दिढे चोपन्न. चोपन्न फूट जोर नळी खाईल. तीन इंचीत छत्तीस पंचे एकशे ऐंशी. तेवढा जोर पंपात न्हाईच, म्हणून मंग पाणीच कमी येणार."

"सगळ्यांनाच कमी?"

"न्हाई, न्हाई. तुमचं रान विहिरीपासून हजार फुटावर, चढबी थोडा. तुमाला काय कळणारबी न्हाई. खरा मार बसतो शेवटच्याला."

"आन् समजा वरच्याची पाळी चालूय, आन् खाली एखादा कॉक जरासा उघडा राह्यला?"

"चार इंचीत तरीबी वर काहीतरी पोचतं. तीन इंचीत करंगळीएवढा जरी उघडा राह्यला, तरी वरचं पाणी मेलंच म्हणा. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की तर बघायलाच नको."

सयाजीनं आकड्यांकडं बराच वेळ बघितलं. एकदा स्वतःच बोटावर मोजून बघितलं. मग मान हलवली. "बेस. लई चांगलं समजावलंत."

उतरताना दादाभाऊ खुशीत होता. एवढ्या ध्यानानं त्याचं कुणी कधी ऐकून घेतलं नव्हतं. तात्यांना पोटाची उपमा द्यावी लागायची, हा माणूस आकडे समजून घेतो. बहीण शहाण्याच्या घरात पडली, असं त्यानं बायकोला, वैजयंतीला, घरी गेल्यावर सांगितलं.

आठ दिवसांनी चौघं भाऊ चिंचेखाली बसले. दादाभाऊ सतरंजीच्या टोकाला. सयाजी म्हणाला, "तीन इंची घालू."

दादाभाऊला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"आता बघा," सयाजी भावांकडं बघून सांगू लागला, "अंगणात नळी धरली, पाणी जागच्या जागी पडतं. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की?"

"लांब उडतं," एक चुलतभाऊ म्हणाला.

"म्हंजे बारीक वाटेनं पाणी लांब जातं. आन् पंपाचं तोंडबी तीन इंचीच. सगळं जमतंय. उगा मोठ्या पाइपाचं ओझं कशाला?"

"खरंय," दुसरा म्हणाला. रामदासनंही मान डोलावली. त्याला अंगठ्याचं पटलं होतं.

दादाभाऊच्या तोंडात शब्द तयार होते. अंगठा शेवटाला लावतोस, आण्णा, छत्तीसशे फूट अंगठा लावून बघ की. पाणी लांब उडतं, पण बादली भरायला दुप्पट वेळ लागतो, ते बघितलंस का? हे त्यानं मंचरात शंभर वेळा म्हटलं होतं. त्यानं घसा खाकरला. "आण्णा, त्या दिशी खडकावर आपलं बोलणं झालं—"

"पावणं," सयाजी हसून म्हणाला. आवाज मऊ. "तुमी आमचे सोयरे. तुमचा मान मोठा हाय. तुमची बहीण आमच्या घरात सुखानं नांदती. कामाला तुमाला बोलावलं ते घरचा माणूस म्हणूनच. पण घरातला निकाल घरातल्यांनी करायचा असतो. चा घ्या, गार व्हतोय."

चहाचा ट्रे घेऊन भागूच उभी होती. तिनं भावाकडं बघितलं. त्या बघण्यात बोल असं होतं की बोलू नको असं होतं, हे दादाभाऊला पुढं कितीही आठवून ठरवता आलं नाही. त्यानं कप उचलला.

निघताना ती गोठ्याच्या मागं आली. "दादा, तीन इंचीनंबी माथ्यावर येईल ना रे पाणी?"

"येईल की."

"नक्की?"

"सांगतोय ना. येईल."

तो खोटं बोलला नव्हता, असं त्यानं गाडीला किक मारताना स्वतःला सांगितलं. येणार तर होतंच. किती येणार, ते तिनं कुठं विचारलं होतं?

काम त्यानं झटून केलं. निदान जिथं कुणाचं लक्ष नव्हतं तिथं तरी. विहिरीतून पंपापर्यंतची, सक्शनची नळी त्यानं मुद्दाम पाच इंची घातली, पंपाशी आणताना सपाट बाजू वर ठेवून निमुळती केली, म्हणजे वरच्या कोपऱ्यात हवा अडकायला जागा नको. चुलतभाऊ विहिरीत वाकून म्हणाला, "फिटर, घसा एवढा मोठा आन् शेपूट बारीक? ह्ये कसलं जनावर?" सगळे हसले. दादाभाऊही हसला. पंप चालू केला तेव्हा तो एकसुरी घुमला, खडी चावल्याचा आवाज नाही. भिमाजी असता तर पाठीवर हात टाकला असता. पण पुढचा पाइप बघून तोच हात मागं घेतला असता.

पाणीपूजनाच्या आदल्या दिवशी सयाजी म्हणाला, "पावणं, उद्या धार जोरात पडली पायजे. पंधरा-वीस फुटावर. लोक येणारेत."

आमच्याकडं पाण्याची परीक्षा धारेवर होते. लाइन नवी झाली की शेवटच्या तोंडापाशी नारळ फोडतात, आणि धार किती लांब पडली त्यावर फिटरची इज्जत ठरते. दादाभाऊनं आजवर ही थेरं केली नव्हती. त्या दिवशी केली. तीन इंचीच्या तोंडावर दीड इंची निमुळतं तोंड बसवलं.

सकाळी बटण दाबलं. नळी आधी हवा ओकली, मग लाल पाणी, मग अशी पांढरी धार सुटली की बायका मागं सरल्या. वीस फुटांवर जाऊन पडली. भागूनं हळदीकुंकू वाहिलं, पाण्याची ओटी भरली, आणि भिजलेल्या पदरानं तोंड पुसलं. ती भिजली होती की रडली होती कुणी सांगावं. पोरांनी मोबाइलवर शूटिंग केलं. सयाजीनं दादाभाऊला टोपी-उपरणं दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बघा, सोयरा असावा तर असा."

मंडळी जेवायला खाली गेली. दादाभाऊ मागं राहिला. दोनशे लिटरचं पिंप त्यानं धारेखाली ओढलं आणि मोबाइलचं घड्याळ लावलं. भरायला अठ्ठेचाळीस सेकंद. मग ते निमुळतं तोंड काढलं. लगेच धार मेली, दोन फुटांवर गळू लागली. पिंप भरलं सदतीस सेकंदांत. चार इंची असती तर हेच पिंप पंचवीस सेकंदांत भरलं असतं.

"काय मोजतोस?" मागून भागू. हातात त्याचं ताट.

"काय न्हाई. सवय."

"धार बारीक झाली ती?"

"तोंड काढलं म्हणून. पाणी उलट जास्तच येतंय आता."

हे खरं होतं. नेमकं तेवढंच खरं त्यानं सांगितलं. तिनं मान हलवली आणि ताट ठेवलं.

त्या धारेचा व्हिडिओ जुन्नरपासून घोडेगावपर्यंत फिरला. महिन्याभरात दादाभाऊला जितके फोन आले तितके वीस वर्षांत आले नव्हते. "फिटर, ती माथ्यावरची धार तुमीच काढली ना? तसलीच आमाला पायजे." तो सुरुवातीला समजावायचा, की धारेवर जाऊ नका, पिंप किती वेळात भरतं ते बघा. लोक म्हणायचे, "अहो, डोळ्यांनी बघितलंय आमी." मग समजावणं कमी झालं. मग पिशवीत पाना, करवत, चिकटवायचा डबा यांच्यासोबत दीड इंची निमुळती तोंडं पण पडू लागली. दुकानदार आता त्याला बघून गिऱ्हाईक आत नेत नव्हते, उलट खुर्ची द्यायचे. "दादाभाऊ, सुधारलास राव," एकजण म्हणाला. दादाभाऊला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पहिला पावसाळा, पहिला हिवाळा डाळिंबांनी काढला. गुडघ्याएवढी झाली, लाल कोवळी पालवी फुटली. भागू फोनवर झाडांचंच बोलायची. मार्चपासून बोलणं तोकडं होऊ लागलं. एप्रिलच्या मध्याला तिनं एवढंच म्हटलं, "दादा, एकदा येऊन जा. लाइनमधी काहीतरी अडकलंय."

तो गेला. रामदासची पाळी चालू होती. माथ्यावर नळीच्या तोंडातून पाणी येत होतं ते नुसतं थेंब-थेंब गळत होतं, म्हाताऱ्याच्या लघवीसारखं. चारशे झाडांतली शंभर तरी वाळून काटक्या झाली होती. भागू डोक्यावर हंडा घेऊन एकेका आळ्यात तांब्यानं पाणी घालत होती. विहीर वीसएक फूट खाली गेली होती हे दादाभाऊला ठाऊक होतं, पण नुसत्या तेवढ्यानं असं होत नाही. तो लाइन धरून खाली उतरत गेला. पहिला कॉक बंद. दुसरा बंद. सयाजीच्या रानातला कॉक वरून बंद दिसत होता. हात घालून पिळला तर अर्धा फेरा फिरला. पाटात पाणी झुळझुळत होतं. त्यानं आवळून बंद केला आणि परत चढला. वर धार बोटभर जाड झाली होती. दुसऱ्या दिवशी भागूचा फोन आला, पुन्हा थेंब.

तो पुन्हा गेला. सयाजी अंगणात दाढी करत होता. "आण्णा, तुमचा कॉक जरा उघडा राहतोय."

"असं? गड्यांना सांगतो. विसरत असतील." ब्लेड गालावरून ओढत तो आरशातूनच बोलला. "बसा ना पावणं. चा टाकायला सांगतो."

दादाभाऊ बसला नाही, पण जास्त बोललाही नाही. माथ्यावर गेला. भागू बांधावर बसली होती. हंडा रिकामा, बाजूला.

"काय म्हणालं थोरलं भाऊजी?"

"गडी विसरत्यात म्हणालं."

"रोज विसरत्यात?"

त्यानं हंडा सावलीत सरकवला.

"मी काय येडी न्हाई, दादा. कॉक मीबी बघितलाय. जाऊन बंद करती, ते उघडत्यात. पण खालच्या वाडीतल्या सखूबाईंकडं अशीच लाइन हाय, चार भावांची. तिथंबी एकजण कॉक उघडा ठिवतो. तरी त्यांच्या वरच्याला पाणी येतं." ती थांबली. "त्यांची चार इंची हाय."

दादाभाऊनं मातीकडं बघितलं.

"तुला ठाऊक व्हतं?"

"भागू—"

"ठाऊक व्हतं का न्हाई, एवढंच सांग."

"व्हतं."

"घालायच्या आधी?"

"मोजलं त्या दिशीच."

 वारं होतं, पालवी नसलेल्या काटक्या हलत होत्या. मग ती म्हणाली, "तात्यांना पोटावरून बोललास, त्याच्या गोष्टी आई हसून हसून सांगायची. माझा दादा कुणाला भीत न्हाई म्हणून मी सासरी टेंभा मिरवायची. सगळ्या जगाला चार इंची घालत सुटलास, आन् माझ्या रानात—"

"तुझ्यासाठीच गप्प बसलो गं. मी बोललो असतो, तर तुला तरास—"

"तरास?" तिनं हाताचा तळवा त्याच्यापुढं धरला. खड्ड्यांच्या पहारीचे घट्टे गेले नव्हते, त्यावर हंड्याच्या कडेचे नवे आले होते. "ह्यो काय मग? सोयऱ्याचा मान?"

त्या भाऊबीजेला तिनं ओवाळलं, पण नेहमीसारखं थांबवून घेतलं नाही. आई धोंडाबाई म्हणाली, कामाची गडबड असंल. 

दुसऱ्या उन्हाळ्यात उरलेली झाडं गेली. आषाढात सयाजीनं भावाला बोलावून घेतलं आणि मायेनं समजावलं, की माथ्याची पट्टी तुला झेपत नाही, त्यापेक्षा अदलाबदल करू, मी ती घेतो, तू माझी ओढ्यापलीकडची दीड एकर घे. पावसावर का होईना, पण बाजरी तरी होईल. रामदासनं मान डोलावली. कागद झाले. भागू सही करताना कुणाशी बोलली नाही, असं रामदासनंच दादाभाऊला नंतर सांगितलं, जणू तिचं कौतुक करावं तसं.

दिवाळीनंतर सयाजीचा फोन आला. "पावणं, माथ्यावर डाळिंब लावतोय. लाइन नवी घालायची. या."

आपण का गेलो, हे दादाभाऊला नीट सांगता आलं नसतं. नाही म्हणायला जावं असं मनाशी धरून गेला, एवढं खरं. पट्टीच्या कडेला चार इंची पाइपांची थप्पी पडली होती. नवे, करडे, तोंडावरची टोपणं अजून तशीच.

"चार इंची?" दादाभाऊ म्हणाला.

"छत्तीस दिढे चोपन्न," सयाजी म्हणाला. चेष्टा नव्हती, हिशेब आठवून सांगावा तसं. "तुमीच शिकवलंत की. या हितंच, या खडकावर. आमी इसरलो न्हाई."

दादाभाऊनं त्याच्याकडं बघितलं. दोन वर्षं त्याला वाटत होतं, अडाण्यापुढं आपली जीभ हरली. नळीच्या तोंडावर अंगठा दाबणारा माणूस, त्याला आकडे कळले नाहीत. "म्हंजे तवा तुमाला समजलं व्हतं."

"असं समजावल्यावर कुणाला समजणार न्हाई?" सयाजी निवांत हसला. "तुमच्यासारखा समजावणारा न्हाई, पावणं. आमी सगळ्यांना सांगतो."

 दादाभाऊच्या उजव्या हातात पाना होता, तो त्यानं डाव्या हातात घेतला. "मी न्हाई घालणार," तो म्हणाला. सोयऱ्याच्या दारात आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "तुमी दुसरा फिटर बघा. आन् ऐका, आण्णा—"

"दादा."

पाइपांच्या थप्पीपलीकडं खुरपी घेऊन चार बाया बसल्या होत्या, जुन्या खड्ड्यांतलं तण काढत. त्यातली एक उठली. डोक्याला टॉवेल, अंगात रामदासचा जुना शर्ट. भागू तिथं रोजानं होती. आपल्याच खणलेल्या खड्ड्यांत.

"काय झालं?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, ओढ नव्हती. "घालायची न्हाई म्हणतोस?"

"या माणसाला न्हाई घालणार, भागू. कळलं ना तुला, यानं जाणून—"

"कळलं. ऐकू आलं." तिनं सयाजीकडं बघितलंही नाही. "मला ते कधीचं कळलंय. आता तू न्हाई घातलीस तर दुसरा घालंल. त्यो तीन इंची घालंल न्हाईतर वाकडीतिकडी घालंल. मंग झाडं परत जळतील, आन् आमाला काम ऱ्हाणार न्हाई. आमी चार बाया हाय या पट्टीत. पाणी आलं तर वर्षभर रोज लागंल."

 सयाजीनं पांढरी चप्पल झटकली आणि सावलीला जाऊन बसला.

"घाल," भागू म्हणाली आणि खुरपं उचलून परत आपल्या खड्ड्याकडं वळली. चार पावलं गेल्यावर मान न वळवता म्हणाली, "आन् नीट घाल. ह्ये बहिणीचं रान न्हाई."